घरातलं जनावर आणि जनावराचं घर : कोल्हापूरकरांनो, तुम्ही काय काय केलंत?

राजारामपुरी
परवा आमच्या चार महिन्यांच्या लॅब्राडोरनं सासऱ्यांच्या नव्या कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चपलेचा अंगठा गिळला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "खिळा होता का?" चप्पल हातानं शिवलेली, चामड्याच्या वादीची. खिळा नव्हता म्हणून निभावलं. दोन दिवसांत सगळं बाहेर आलं. हिरडा-बाभळीत कमावलेलं कातडं, त्याला खाऊच वाटला असणार! आता चपला खुंटीवर असतात. वायरी, कचरा, सोफा मात्र अजून तसेच. घर जनावरासाठी सुरक्षित करताना तुमचं काय जमलं, काय फसलं, लिहा. महागड्या वस्तूंची यादी नको.

मंगळवार पेठ
सोफ्याच्या पायांना मिरचीपूड लावू नका, एवढंच आधी सांगतो. आम्ही लावली. पिल्लू डोळे चोळत रडलं, घर आठवडाभर शिंकत होतं, सोफा तरी कुरतडलाच.

दुसरं रविवारचं मटण. आज्जी तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून घालायची. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात म्हटलं, तर "तालमीच्या गल्लीतलं कुत्रं ते, त्याला काय होतंय!" शेवटी मीठ-मसाला पडायच्या आधी उकडलेल्या दोन फोडी त्याच्या, असं ठरलं. शिजलेली हाडं मात्र अजिबात नाहीत, ती टोकदार फुटतात. कचऱ्याचा डबा सिंकखाली, दाराला कडी.

फुलेवाडी
आमच्याकडं ससा. इंटरनेटची वायर तीनदा तोडली. बागेच्या जुन्या पाइपला उभा छेद देऊन वायर आत बसवली. खर्च शून्य.

शाहूपुरी
२०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत तळमजल्यात पाणी. मांजर माळ्यावर गेलं, वाचलं. घोळ झाला तो पाणी ओसरल्यावर. गाळ काढून मी फरशी फिनेलनं दोनदा पुसली. मांजरी ओल्यातून चालली आणि पंजे चाटत बसली. संध्याकाळी तोंडातून लाळ, चालताना झोकांड्या. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यापेक्षा मांजराला हे जास्त बाधतं, त्याच्या यकृताला फिनेलमधल्या फिनॉलचा नीट निचराच करता येत नाही. तीन दिवस सलाईन. वाचली, पण माझ्याच हातानं झालं हे अजून टोचतं. आता साबणाचं पाणी. दुसरं काही वापरलंच तर फरशी धुऊन वाळेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत.

माळ्यावर झाकणाची बास्केट कायम तयार : टॉवेल, लसीचं कार्ड प्लास्टिकमध्ये. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की बास्केट खाली येते. ४३ ची, म्हणजे धोक्याची, वाट बघत नाही.

वडणगे
गोठ्यात फळीमागं उंदराच्या औषधाची वडी ठेवलेली, ती कुत्रीनं शोधली. तीन दिवस काहीच नाही, मग हिरड्यांतून रक्त. वडीचं पाकीट सोबत नेलं म्हणून उतारा लगेच कळला. के-१ जीवनसत्त्व, चार आठवडे. आता फक्त पिंजरे लावतो. उंदीर कमी सापडतात, चालतंय.

राजारामपुरी
सिंकखाली कडी आजच बसवली. शाहूपुरीकर ताई, बास्केटचं माप सांगाल का? आमचा आत्ताच पंधरा किलोचा आहे.

शाहूपुरी
त्याला बास्केट कसली, पट्टा आणि दोन माणसं ठेवा!