अल्टोंचा तो एक सूर

अमेरिकन संगीतकार मॉर्टन लॉरिडसनचं 'ओ माग्नुम मिस्टेरियुम' ही नाताळच्या लॅटिन शब्दांवरची समूहगानाची रचना. ती म्हणजे नुसता गोडवा, त्याच शब्दांवरच्या स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरियाच्या 1572च्या रचनेतला ताण तिच्यात नाही, असं काहीजण म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना मलाही तसंच वाटलं होतं. आता अजिबात पटत नाही. 'बेआता विर्गो' (धन्य कुमारी, म्हणजे येशूची आई मरिया) हे शब्द येतात ती जागा पुन्हा ऐका. तिथे 'विर्गो'वर अल्टो, म्हणजे समूहातले खालच्या पट्टीतले स्त्री-आवाज, जी शार्प हा सूर गातात. रचना डी मेजरमधली, म्हणजे आपल्या भाषेत सगळीकडे शुद्ध मध्यम, आणि इथे तेवढा तीव्र. अख्ख्या रचनेत डी मेजरच्या सात सुरांबाहेरचा हा एकच सूर आहे. योगायोग नाही हा. बाळाच्या जन्माच्या आनंदात मरियेच्या वाट्याला पुढे येणारं दुःख कसं दाखवायचं, हाच भाग आपल्याला सगळ्यात अवघड गेला, असं लॉरिडसनने स्वतः लिहिलंय. (ही कल्पना त्याला स्पॅनिश चित्रकार सुर्बारानच्या 1633च्या चित्रावरून सुचली. चित्रात फक्त लिंबवर्गीय फळं, एक पेला आणि गुलाब.)

मी अल्टोत गाते. तालमीत तो सूर आला की आमचा आवाज आपोआप दबायचा, चुकल्यासारखं वाटायचं. दिग्दर्शिकेने एकदा बाकी सगळ्यांना थांबवून आम्हाला तेवढंच गायला लावलं, न लपवता. मग सगळे आवाज परत मिळाले तेव्हा तो सूर असा टोचला की पुढचं 'अलेलुया' मला नीट गाताच आलं नाही.