पूल शिकणं किती अवघड? आपापल्या खेळातून आलेल्यांचे अनुभव

मुंबईत पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ, शिकायला पहिल्यांदा क्यू (ती काठी) हातात घेणाऱ्याचा हात आधीच कशाने तरी घडलेला असतो. चाळीतला कॅरम, मैदानावरचं क्रिकेट, जिमखान्यातलं टेबल टेनिस. म्हणून हा धागा काढतोय. तुम्ही कुठल्या खेळातून आलात आणि पूलने तुम्हाला नेमकं कुठे अडवलं, ते लिहा. माझं मत आधीच सांगतो: थोड्याशा सरावाने बॉल पॉकेटमध्ये जायला लागतात, म्हणून लोकांना हा खेळ सोपा वाटतो. खरा अभ्यास व्हाइट बॉलचा, म्हणजे क्यूने ज्याला मारून बाकीचे बॉल घालवायचे त्या पांढऱ्या बॉलचा आहे आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

लालबागहून, कॅरमवाला
मंडळाच्या खोलीत रात्री बोर्ड लागायचा, तिथे हात बसला. कट, रिबाउंड सगळं डोळ्यांत होतं, त्यामुळे पूलमध्ये अँगल लगेच दिसले. मापं पाहिली तर पूल सोपाच असायला हवा. कॅरमचं पॉकेट साधारण साडेचार सेंटीमीटर, सोंगटी तीनच्या थोडी वर. पूलचा बॉल ५.७ सेंटीमीटरचा आणि कोपऱ्याचं पॉकेट साडेअकराच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन बॉल मावतील एवढं. पण बोर्ड ७४ सेंटीमीटरचा, आणि नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा २५४ बाय १२७. बॉलची दिशा एका अंशाने चुकली तर दोन मीटरवर तो साडेतीन सेंटीमीटर बाजूला जातो, आणि पॉकेटच्या मध्यापासून तेवढी सूट नसते.

त्याहून मोठा फरक पुढेच आहे. कॅरममध्ये दर वेळी स्ट्रायकर उचलून आपल्या रेषेवर लावता येतो. पूलमध्ये व्हाइट जिथे थांबेल तिथूनच पुढचा शॉट. सोंगटी गेली की काम झालं, ही सवय मोडायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आता शॉट घ्यायच्या आधी टेबलाभोवती एक फेरी मारतो आणि व्हाइट कुठे थांबवायचा ते ठरवूनच वाकतो.

दादरहून, क्लब क्रिकेट
कांगा लीग खेळलोय. पावसाळ्यातल्या ओल्या विकेटवर बॉल उभा राहतो, घसरतो, काय करेल सांगता येत नाही. तरी मला पूल जास्त कठीण वाटतो. क्रिकेटमध्ये समोरच्याने वेग दिलेला असतो, तुम्ही त्याला उत्तर देता. इथे बॉल शांत उभे. सगळा वेग, सगळी दिशा तुमच्याच हातातून निघणार. आणि समोरचा लयीत आला की खुर्चीत बसून राहायचं. फिल्डिंग लावता येत नाही, बोलर बदलता येत नाही. नऊ बॉलच्या गेममध्ये आठ बॉल तुम्ही घेतले आणि नववा हुकला, तर तो समोरच्याचा आणि गेमही त्याचाच. आठ बॉलचा हिशेब कुठेही धरत नाहीत.

पार्ल्याहून
मी टेबल टेनिस खेळत आले. तिथे विचार करायला वेळच नसतो, हात आपोआप जातो. पूलमध्ये वेळ भरपूर, आणि त्या वेळेत क्यू धरणारा मागचा हात आवळला जातो. माझ्या बाबतीत असं व्हायचं: अंगठा आणि तर्जनी सैल, पण शेवटच्या क्षणी करंगळी मुठीत घट्ट व्हायची. त्याने क्यूचं टोक अगदी किंचित हलतं, पण तेवढ्यानेही व्हाइटला नको ती साइड, म्हणजे आडवी फिरकी लागते. हे मला एका काकांनी दाखवून दिलं. त्यांनी माझ्या मुठीत रुमाल ठेवला आणि तो चुरगळता कामा नये म्हणाले.

अंधेरीहून, टेबलं सांभाळणारा
पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कापड ओलावा धरतं, बॉल लवकर थांबतो, कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) अँगल बदलतो. एसी नीट चालत असलेल्या खोलीत शिकलेली पोरं जुलैत दुसरीकडे गेली की म्हणतात टेबल खराब आहे. टेबल ठीक असतं, अंदाज नव्याने घ्यावा लागतो.

धागा काढणारा: हा मुद्दा फार मोलाचा आहे. कॅरमवाले ओलाव्यावर बोरिक पावडर टाकतात, पूलला ती सोय नाही.

माटुंग्याहून, बिलियर्ड्स आणि स्नूकर
या शहराला क्यूचा इतिहास आहे. आमच्या लहानपणी घरात विल्सन जोन्स यांचं बिलियर्ड्समधलं १९५८चं जागतिक हौशी विजेतेपद आणि नंतर मायकल फरेरा यांचं १९७७चं, ही नावं आदराने घेतली जायची. स्नूकरचं टेबल बारा फुटी आणि बॉल लहान, म्हणून स्नूकरवाल्यांना वाटतं पूल हाताचा मळ. पॉटिंगमध्ये, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालण्यात, ते पुढे असतातच. पण पूलचा बॉल जड आणि टेबलावर गर्दी, थोडक्या जागेत व्हाइट सांभाळावा लागतो.

नव्यांनी दोन गोष्टी पाठ कराव्यात. व्हाइट न फिरता सरकत जाऊन लागला तर तो समोरच्या बॉलच्या दिशेशी काटकोनात जातो. लोळत येऊन साधारण अर्धा बॉल लागला (समोरून पाहता अर्धा बॉल झाकला जाईल असा) तर आपल्या मूळ रेषेपासून तीसेक अंश वळतो. इथून पोझिशनचा, म्हणजे व्हाइट कुठे थांबवायचा याचा विचार सुरू होतो. सरावासाठी तीन बॉल टेबलावर कुठेही टाका, व्हाइट हवा तिथे ठेवा, क्रम आधी सांगा आणि तिन्ही ओळीने घ्या. पहिल्या शॉटनंतर व्हाइट हाताने उचलायचा नाही. हे सहज जमायला लागलं की चार टाका, मग पाच.