प्रतिसाद: आपल्या एकट्याच्या कपातीने काय होणार?

वर दोघांनी लिहिलंय की एका देशाने हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करून जगाला काय फरक पडणार, म्हणून सरकारला जबाबदार धरता येत नाही. मला हे मुळीच पटत नाही. नेमका हाच बचाव नेदरलँड्सच्या सरकारने न्यायालयात केला होता: जगाच्या उत्सर्जनात आमचा वाटा जेमतेम अर्धा टक्का! अर्जेंडा ही पर्यावरण संस्था आणि 886 नागरिकांनी तो खटला भरला होता. 2015 साली हेगच्या जिल्हा न्यायालयाने आणि 20 डिसेंबर 2019 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाटा लहान असला तरी तो उचलावाच लागेल. 1990 च्या तुलनेत 2020 अखेर किमान 25 टक्के कपात करा. कशी करायची, ते मात्र सरकारवर सोडलं. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'न्यायालयाने धोरण ठरवू नये' या आक्षेपाला त्यातच उत्तर आहे.

मी तेव्हा आम्स्टरडॅमला नोकरीला होतो. झांडामहून ट्रेनने येताना हेमवेगच्या वीजकेंद्राची उंच चिमणी दिसायची. तिथलं कोळशावरचं युनिट या खटल्यामुळे ठरल्यापेक्षा कितीतरी आधी, 2019 च्या अखेरीस बंद झालं. कागदावरचा निकाल असा डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून 'कोर्टात जाऊन काही होत नाही' हे ऐकवत नाही. आपल्याकडेही माळढोकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये धरलाय. आता त्यावर कायदा कधी करणार, हे आपल्या खासदारांना विचारायला हवं.