मदत हवी आहे: झेडपी शाळेचे पत्रे, सीनेचं पाणी आणि २५ हजार रुपये

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात सीनेकाठी आमचं गाव, झेडपीची शाळा पहिली ते पाचवी, पट ६२. यंदा शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलंय (मीटिंगला उशिरा गेलो, एवढीच पात्रता) म्हणून विचारायलोय.

तीन खोल्या, दोन पत्र्याच्या, एक स्लॅबची. सोलापूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, एप्रिल-मेला ४३-४४ ला टेकतं. २०२५ ला सकाळची शाळा ७ ते सव्वाअकरा केली खरी, पण परीक्षा पार २५ एप्रिलपर्यंत नेल्या. साडेनऊ वाजले की पत्रा तडतड वाजायला लागतो, पंखा वरची गरम हवा आणून डोक्यावर सोडतो, पोरं वह्यांनी वारं घेत बसत्यात. शेजारीच आमच्या आज्ज्याचं माळवद (जाड मातीच्या छताचं घर), तिथं त्याच टायमाला म्हातारी निवांत घोरत असते.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सीनेला पूर, लांबोटीपाशी पुणे हायवे बंद पडला होता तोच. वर्गात मांडीएवढं पाणी. खिचडीच्या तांदळाची पोती गेली, जाऊ दे, पण कपाटातल्या खालच्या कप्प्यात जनरल रजिस्टर होतं, गावातल्या निम्म्या लोकांचे दाखले त्याच्यावर निघतात. बाईंनी आणि मी चादरी अंथरून एकेक पान वाळवलं. बॉलपेनचं वाचता येतंय, दौतीच्या शाईचं सगळं निळं पसरलंय. एका पानावर माझ्या वडिलांचं नाव राहिलंय, जन्मतारीख गेलीय.

हातात काय, तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेची ग्रँट, ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार, त्यातच खडू अन् लाईटबिल. आधी पत्र्याचं बघू का पुराचं? पत्र्यावर चुना मारला तर चालतो का? आणि जास्तीचा पैसा कुठनं आणायचा?

बार्शीचा मिस्त्री: चुना स्लॅबवर मारा, तिथं धरतो. पत्र्यावरनं पहिल्या पावसात ओघळून जातोय ओ. पत्र्याचा गंज खरवडायचा, प्रायमर, मग पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट दोन हात, मार्चच्या आत उरका. आणि आढ्याखाली दोन्ही भिंतीत जाळ्या पाडा, वर कोंडलेली गरम हवा निघायला वाटच नाही म्हणून तुमचा पंखा तीच फिरवायलाय. थर्माकोलचं सीलिंग कुणी फुकट दिलं तरी नको, वायरिंग शॉर्ट झालं तर भडकन पेटतं. बोर्ड आणि प्लग पण पाण्याच्या खुणेच्या वर घ्या.

निवृत्त गुरुजी: अध्यक्षसाहेब, रजिस्टर आधी! मोबाईलवर पानंपान फोटो काढा, आजच. नंतर पुसट झालेल्या नोंदींचं गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्या, स्वतःच्या हातानं रजिस्टरात गिरवायला जाऊ नका, खाडाखोड म्हणून अंगलट येतं. लोकांच्या घरी जुने दाखले असतात, त्यांच्या झेरॉक्स गोळा करा.

पैशाचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा करायचा तुमच्याच समितीनं. त्यात पत्रे, जाळ्या, उंच कपाट सगळं लिहा आणि तोच कागद ग्रामसभेत ठेवून ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायला लावा. नुसतं तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही, हे मी अख्खी नोकरी बघितलंय. आणि पश्चिमेच्या भिंतीला कडुलिंब लावा, पोरांना वाटून द्या, म्हणजे पाणी घालतील.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. फोटो कालच काढले, २१० पानं, बाईंचा मोबाईल फुल झाला. आईनं ट्रंक उपसली, वडिलांचा दाखला सापडला, जन्मतारखेसकट. मिस्त्री, पेंटचा अंदाज पाठवतो, जरा बघा.

आता कपाट भिंतीला किती उंचीवर ठोकायचं तेवढं ठरायचंय. पाणी मांडीएवढं आलं होतं यावर सगळ्यांचं एकमत हाय, पण मांडी कुणाची यावरनं पारावर दोन दिवस वाद चाललाय.