कर्करोग ‘पसरवणारी’ विकरे (एन्झाइम) : क्रियापदाची चर्चा

प्रश्न : अंडाशयाच्या कर्करोगावरील लेखात मी ‘पेशींच्या पृष्ठभागावरील विकरे हा कर्करोग पसरवतात’ असे वाक्य लिहिले आहे. ‘पृष्ठभागावरील’ हा शब्द गाळला तर चालेल का, आणि ‘पसरवतात’ हे क्रियापद बरोबर आहे का?

उत्तर : ‘पृष्ठभागावरील’ मुळीच गाळू नये, कारण सारे मर्म त्यातच आहे. पेशींभोवतीच्या आधारद्रव्यातील प्रथिने तोडणारी जी जस्तयुक्त विकरे आहेत, त्यांपैकी बहुतेक पेशीबाहेर निष्क्रिय रूपात स्रवली जातात. १९९४ साली जपानी संशोधकांनी वर्णन केलेले एमटी१-एमएमपी हे याच गटातील विकर मात्र पेशीच्या आतच सक्रिय होते आणि पेशीपटलात रोवलेले राहते. त्यामुळे पेशी जिथे टेकते, तिथेच ते प्रथिने तोडते. अशा विकराला ‘स्रवलेले’ म्हटले, तर वाचकाची समजूत चुकीची होईल.

‘पसरवतात’ या क्रियापदाला माझी हरकत आहे. ‘पसरणे’ म्हटले की एका जागेपासून लगतच्या जागेत सलग वाढत जाणे मनात येते. अंडाशयाचा कर्करोग शेजारच्या अवयवांत तसा वाढतोही. पण त्याची खास वाट निराळी आहे. त्याच्या पेशी मूळ गाठीपासून सुटतात, एकेकट्या किंवा पुंजक्यांनी उदरपोकळीतील द्रवात तरंगतात, पर्युदराच्या (पोटाच्या आतील आवरणाच्या) किंवा वपेच्या (आतड्यांवर पसरलेल्या चरबीयुक्त पडद्याच्या) अस्तराला चिकटतात आणि मग त्या अस्तराखाली शिरतात.

यांपैकी ‘चिकटणे’ आणि ‘शिरणे’ या क्रियांमध्ये एमटी१-एमएमपीची कामे वेगवेगळी आहेत. ज्या प्रथिनाचा रक्तात आढळणारा अंश ‘सीए-१२५’ या तपासणीत मोजतात, ते मोठे, शर्करायुक्त प्रथिन कर्करोगाच्या पेशींवर दाट आवरणासारखे असते. प्रयोगशाळेतील अभ्यासांत असे दिसले, की एमटी१-एमएमपी या प्रथिनाचा बाहेरचा भाग तोडून टाकते, त्याखाली झाकलेली इंटेग्रिने (पेशीला पकड देणारी प्रथिने) उघडी पडतात आणि पेशीला अस्तर पकडणे सोपे जाते. पुढे अस्तराखालचे तंतुमय कोलॅजेन तोडून तेच विकर पेशीला आत वाट करून देते. एका ‘पसरवतात’मध्ये हे दोन्ही बुडून जाते, म्हणून ‘ही विकरे कर्करोगाच्या पेशींना पोटातील अस्तराला चिकटण्यास व त्याखाली शिरण्यास मदत करतात’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण रोगाचे खरे वर्तन त्यात येते.

पुरवणी प्रश्न : याच लेखात ‘टिम्प-२’ या प्रथिनाला ‘विकररोधक’ म्हणावे का?

उत्तर : म्हणावे, परंतु तेवढ्यावर थांबू नये. टिम्प-२ एका बाजूने एमटी१-एमएमपीला धरते आणि दुसऱ्या बाजूने एमएमपी-२ या त्याच गटातील, पण स्रवल्या जाणाऱ्या विकराच्या निष्क्रिय रूपाला. मग शेजारचा मोकळा एमटी१-एमएमपीचा रेणू त्या निष्क्रिय विकराचा तुकडा तोडून त्याला सक्रिय करण्यास सुरुवात करतो. टिम्प-२ फार वाढले, तर मोकळे रेणू उरत नाहीत आणि हे काम थांबते. म्हणजे बेताच्या प्रमाणात ते सक्रियतेला हातभार लावते आणि जास्त झाल्यावरच अडवते. ‘रोधक’ शब्दाच्या लगेच पुढच्या वाक्यात हे प्रमाणाचे बंधन लिहावे. नाहीतर ‘टिम्प-२ असूनही एमएमपी-२ सक्रिय झाले’ हे वाचकाला विसंगत वाटेल.