जनुकीय बदल केलेले डास : ग्रामसभेत काय सांगावे?

प्रश्न : जालना जिल्ह्यातील दावलवाडीत २०१७ मध्ये जनुकीय बदल केलेल्या एडीस डासांच्या पिंजऱ्यातील चाचण्या जाहीर झाल्या होत्या, पण त्या डेंग्यूसाठी होत्या; उद्या हिवतापासाठी असा प्रयोग मराठवाड्यात आला, तर लोकांना काय सांगावे?

उत्तर १ : अशा प्रयोगात नर डास सोडतात आणि नर चावत नाही, हे आधी सांगावे, मात्र सोडताना चुकून काही माद्याही जाऊ शकतात, हे लपवू नये.

उत्तर २ : पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातील बाना गावात २०१९ मध्ये हिवतापाविरुद्धच्या प्रकल्पात जनुकीय बदल केलेले वंध्य (पिल्ले होऊ न शकणारे) नर डास सोडण्यापूर्वी गावकऱ्यांशी अनेक वर्षे संवाद साधून संमती घेतली गेली, तरीही २०२५ मध्ये सरकारने तो प्रकल्प थांबवला. माझ्या मते केवळ गावाची संमती पुरत नाही.

उत्तर ३ : डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आणि पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा ‘कोरडा दिवस’ सुरूच राहतील, हेही स्पष्ट करावे, नाहीतर रांजण झाकायचे कोण?