एमएफ डूमची यमकं आणि धुळकट बीट: मराठीत जमवायचं कसं?

बोरू९०:
रॅप लिहितोय. ओळीच्या शेवटी यमक जुळतं, तरी पाढे म्हटल्यासारखं ऐकू येतं. अमेरिकन रॅपर एमएफ डूमच्या ओळी तशा वाटत नाहीत. तो वेगळं काय करतो? दुसरं, जुन्या रेकॉर्डमधून घेतलेला लूप (फिरवत ठेवायचा तुकडा) ८४ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ८४ ठोक्यांचा आहे आणि गाणं ९० वर हवंय. ड्रम टाकले की सगळा गाळ होतो. त्याच्या 'मॅडव्हिलनी' अल्बमसारखा आवाज कसा आणायचा?

स्वरमाळ:
यमक फक्त टोकाला असलं की कान त्याची वाट बघत बसतो. डूम तीन-चार उच्चारांची स्वरांची साखळी धरतो आणि ती ओळीच्या पोटात, शेवटी, पुढच्या ओळीच्या तोंडाशी फिरवत ठेवतो. त्या अल्बममधलं 'फिगारो' ऐकताना शब्द लिहून घ्या आणि सारखे स्वर एका रंगाने रंगवा; पान भरून जातं.

मराठीत अक्षरं डोळ्यांनी मोजू नका, कानांनी मोजा. 'आठवडा' लिहिताना चार अक्षरं, बोलताना तीनच उच्चार: आ-ठव्-डा, म्हणजे आ-अ-आ. त्यावर 'हात धरा', 'पाठ करा', 'वाट वळा' चपखल बसतात. व्यंजनं वेगळी असली तरी बिघडत नाही.

'करतो-मरतो', 'आला-गेला' यात यमक तुम्ही जुळवलेलं नसतं, प्रत्ययांनी जुळवलेलं असतं. आपलं क्रियापद शेवटी येतं म्हणून हा सापळा. बोलताना आपण 'आलंय कोण दारात?' म्हणतोच, तसं क्रियापद आधी घ्या आणि नाम टोकाला येऊ द्या.

९० बीपीएमला एक बार (चार ठोके) २.६७ सेकंदांचा, त्यात १६ घरं, ठोक्याला चार. सगळी भरलीत तर श्वास कुठे घेणार? दोन-तीन रिकामी सोडा, आणि वाक्य बारच्या रेषेवर न संपवता पुढे वाहू द्या. आवाजही चढवू नका. 'मॅडव्हिलनी'ची कच्ची प्रत आधीच बाहेर फुटली होती. नंतर डूमने जवळपास तेच शब्द खालच्या, संथ आवाजात पुन्हा रेकॉर्ड केले. दोन्ही लागोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

एसपी_३०३:
आधी एक दुरुस्ती. 'मॅडव्हिलनी'चे बीट मॅडलिब या संगीत-निर्मात्याचे आहेत. त्यातले बरेच त्याने साओ पाउलोच्या हॉटेलच्या खोलीत बॉस एसपी-३०३ सॅम्पलर, छोटा टर्नटेबल आणि टेप डेक एवढ्यावर केले. डूमची स्वतःची निर्मिती ऐकायची तर 'ऑपरेशन डूम्सडे' हा अल्बम आणि 'स्पेशल हर्ब्स' ही बीटची मालिका घ्या. तिथे ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या सोलचे लांब लूप आहेत; 'डूम्सडे' गाण्याखाली शादेचं 'किस ऑफ लाइफ' आहे.

८४ वरून ९० ला नेताना टाइम-स्ट्रेच (सूर तोच ठेवून वेग बदलणं) वापरू नका, त्यात किक ड्रमची धार पसरते. रेकॉर्ड वेगाने फिरवल्यासारखं रिसॅम्पल करा. सूर १.१९ सेमीटोन चढेल. म्हणजे कीबोर्डवर वाजवलेला बेस बेसूर वाटणार. तो एक सेमीटोन (कीबोर्डवरची शेजारची पट्टी) आणि १९ सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) वर घ्या.

गाळ होतो कारण जुन्या रेकॉर्डमध्ये बेस आणि किक आधीच असतात. सॅम्पलला १२०–१५० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावा, मग स्वतःचा किक ठेवा. लूपच्या सांध्यावर टिक येत असेल तर लहर शून्य-रेषा ओलांडते तिथे कापा आणि ३–५ मिलिसेकंदांचा फेड द्या. आवाज खरखरीत करायला बिट कमी करायचे तर फक्त सॅम्पलचे. मास्टरवर, म्हणजे पूर्ण गाण्यावर केले तर शब्दही कुसकरतात.

मुखवटा_नको:
या शैलीमागची डूमची वाटचालही बघा. १९९१ मध्ये त्याच्या केएमडी या गटाचा पहिला अल्बम इलेक्ट्रा कंपनीने काढला. १९९३ मध्ये भाऊ सबरॉक अपघातात गेला, आणि पुढच्या वर्षी मुखपृष्ठाच्या वादामुळे दुसरा अल्बम कंपनीने गुंडाळून ठेवला. १९९९ ला 'ऑपरेशन डूम्सडे' फॉन्डल 'एम या छोट्या लेबलवर आला. मग जून २००३ ते नोव्हेंबर २००४ या काळात पाच अल्बम, पाच वेगळ्या लेबलांवर: किंग गीडोरा, व्हिक्टर व्हॉन (दोनदा), मॅडव्हिलन आणि एमएफ डूम अशा नावांनी. प्रत्येक नावाचं पात्र वेगळं, त्यामुळे एका लेबलच्या वेळापत्रकात तो अडकला नाही. माझ्या मते तो घालायचा त्या मुखवट्यापेक्षा हे शिकण्यासारखं आहे.

बोरू९०:
बेसचे १९ सेंट! तिथेच अडलं होतं. सॅम्पलची परवानगी एकच लागते का?

एसपी_३०३:
दोन. रेकॉर्डिंगच्या मालकाची एक, चाल आणि शब्दांच्या हक्कदाराची दुसरी. तोच तुकडा स्वतः वाजवून घेतला तर पहिली टळते, दुसरी लागतेच.